रोजच्या कामांसाठी माइंड मॅपचं सॉफ्टवेअर: मॅप वेगळा, दिवस वेगळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिघांनी मिळून रोजची कामं माइंड मॅपवर (मधल्या विषयापासून फांद्यांसारखं पसरणाऱ्या चित्रावर) सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवलंय. प्रत्येक नोडला, म्हणजे मॅपवरच्या प्रत्येक नोंदीला, टिक करायचा चौकोन, तारीख आणि प्राधान्याचा रंग दिलाय. ओळखीच्या काही जणांना वापरायला दिल्यावर पहिल्या दिवशी सगळ्यांनी हौसेनं मोठमोठे मॅप काढले, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून बहुतेकांनी ॲप उघडणंच सोडलं. रचनेत कुठे चुकतंय, आणि टीमसाठी शेअरिंग आत्ताच घालावं का, हे तुम्ही विचारलंय.

या प्रकारची दोन साधनं मी पहिल्या ओळीपासून बांधली आहेत. त्यातलं पहिलं याच चौथ्या-पाचव्या दिवशी गळायचं, त्यामुळे हे दुखणं माझ्या चांगलं ओळखीचं आहे. टिकचा चौकोन किंवा रंग यांत त्याचं कारण सापडणार नाही. माइंड मॅप जागेत पसरतो आणि दिवस वेळेत सरतो. एकाच चित्रावर दोन्हीचा भार टाकला की चित्र कोलमडतं.

घर बदलायचं आहे असं धरा. मॅपवर 'जुनं घर', 'नवं घर', 'सामान', 'पत्ता बदल' अशा फांद्या निघतात. विचार करायला ही मांडणी फार छान आहे, कारण एका फांदीवर असताना तिथलं सगळं एकदम सुचतं. पण मंगळवारी करायचं काय, तर मीटरचं रीडिंग घ्यायचं, रंगाऱ्याला फोन करायचा, खोके आणायचे आणि बँकेत अर्ज द्यायचा. ही चार कामं चार फांद्यांच्या टोकांना, मॅपच्या चार कोपऱ्यांत पडलेली असतात. विचार करताना जी मांडणी मदतीला आली, तीच काम करताना आड येते.

एका चाचणीत मी एका वापरकर्तीच्या शेजारी बसलो होतो. सकाळची वेळ, हातात फोन. तिनं मॅप उघडला, दोन बोटांनी मोठा केला, 'नवं घर'पाशी गेली, मागे आली, लहान केला, 'पत्ता बदल'कडे गेली. तिसऱ्यांदा लहान करताना मॅप सरकून स्क्रीनच्या बाहेर गेला. तिनं फोन पालथा ठेवला, टेबलावरच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहिल्या आणि उठून कामाला लागली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय नव्हतं ते त्या चार ओळींत होतं. ते पाकीट मी तिच्याकडून मागून घेतलं आणि पुढची आवृत्ती त्यावरून बांधली.

एकाच माहितीची दोन रूपं ही कल्पना काही नवी नाही. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी एनएलएस या आपल्या संगणक प्रणालीचं प्रात्यक्षिक दाखवलं. माउस, हायपरलिंक यांसाठी ते आज आठवलं जातं, पण त्यात एक साधी खरेदीची यादीही होती. ती त्यांनी आधी गटांत लावली, गट मिटवून-उघडून दाखवले, आणि मग घरी जाण्याच्या वाटेवर कुठे काय करायचं याचं रेखाचित्र काढून दाखवलं. कामं एकदा प्रकारानुसार दिसली, एकदा वाटेनुसार. तुमच्या ॲपला हेच करायचं आहे: नोड एकच, पण विचार करताना तो मॅपवर दिसावा आणि काम करताना 'आज' नावाच्या साध्या, उभ्या यादीत दिसावा. सकाळी ॲप उघडल्यावर समोर यादी आली पाहिजे. मॅप एका टॅपवर असू दे, पण तो दारातच उभा नको.

'आज'च्या यादीतल्या प्रत्येक ओळीखाली फिक्या अक्षरांत तिचा माग दाखवा: 'घर बदलणं › पत्ता बदल'. त्यावर टॅप केलं की मॅप उघडावा आणि नेमक्या त्याच नोडवर येऊन थांबावा. उलट बाजूनं, मॅपवर जे नोड आज निवडलेत ते ठळक दिसावेत. हा जाण्या-येण्याचा रस्ता पक्का असला की लोक दोन्ही व्ह्यू वापरतात. तो कच्चा असला की दोनपैकी एक व्ह्यू महिन्याभरात मरतो, आणि मरतो तो बहुधा मॅप.

आता तारखांकडे येतो, कारण तुमची गळती मला इथेच दिसते आहे.

तुम्ही नोडला एकच तारीख दिली आहे. त्या एका रकान्यात लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी भरतात. पहिली मुदत: अर्ज 30 तारखेपर्यंत दिला नाही तर खरोखर नुकसान आहे. दुसरी 'याच्या आधी दिसू नको': परवाना पुढच्या महिन्यात येणार आहे, तोवर त्याच्याशी संबंधित काम डोळ्यांसमोर असून उपयोग नाही. तिसरी नुसती मनातली इच्छा: हे बुधवारी करावं म्हणतो. पहिल्या दिवशीच्या उत्साहात माणूस वीसेक नोडना तिसऱ्या प्रकारच्या तारखा टाकतो. त्यातली निम्मी कामं होत नाहीत, कारण दिवस तसाच असतो. ॲपला त्या तारखा मुदतीच वाटतात, म्हणून ते सगळं लाल करतं. चौथ्या दिवशी मॅप उघडला की अर्धा लालभडक. मग ॲप उघडणं म्हणजे रोज सकाळी बोलणी खाणं होतं, आणि माणूस ते टाळतो. तुमच्याकडच्या लोकांनी आळसानं सोडलेलं नाही, ॲपनं त्यांना हाकललं आहे.

म्हणून तीन वेगळे रकाने करा. 'मुदत' ही बाहेरच्या जगाशी बांधलेली तारीख, लाल रंग फक्त तिच्यासाठी, आणि तोही ती ओलांडल्यावर. 'कधीपासून' ही तारीख येईपर्यंत नोड मॅपवर फिका राहील आणि याद्यांमध्ये येणार नाही. आणि 'दिवस', म्हणजे मी हे आज करायला घेतलंय ही निवड. तिसरीला तारखेचा रकाना म्हणून दाखवूच नका. सकाळी मॅपवर फिरून चार-सहा नोडवर बोट ठेवायचं, ते 'आज'मध्ये जातात, एवढंच. रात्री ती यादी आपोआप रिकामी व्हावी. जे राहिलं ते मॅपवर आपल्या जागी आहेच, काही हरवलेलं नाही आणि काही लाल झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या बाजूला 'काल राहिलेली' म्हणून करड्या रंगात दिसावीत: घेतो म्हणा किंवा राहू दे म्हणा.

बरेच जण इथे विचारतात की राहिलेली कामं आपोआप उद्यावर का टाकू नयेत? सोय वाटते, पण त्यानं निवडच नाहीशी होते. मॅसिकँपो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या 2011 सालच्या प्रयोगांत असं दिसलं की अपुरी कामं डोक्यात घोळत राहून दुसऱ्या कामात व्यत्यय आणतात, पण ते काम कधी आणि कसं करायचं याची नेमकी योजना केली की काम पूर्ण व्हायच्या आधीच तो व्यत्यय सरतो. मन शांत होतं ते योजना केल्यामुळे. ती योजना तुमच्या कोडनं मध्यरात्री परस्पर केली तर माणसाच्या डोक्यातलं ओझं तसंच राहतं, आणि यादी मात्र रोज लांबत जाते.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे नोड आणि काम एकच नव्हेत. टोनी बुझान यांनी 1970च्या दशकात माइंड मॅपचा प्रसार केला तेव्हा त्यांचा आग्रह होता की एका फांदीवर एकच कळीचा शब्द असावा. आठवण ठेवायला आणि कल्पना फुलवायला तो नियम उत्तम आहे, कारण एकटा शब्द चारी दिशांना उघडा असतो. पण काम त्याच्या अगदी उलट असतं. 'बँक' हा शब्द विचाराला चालना देतो, पण मंगळवारी सकाळी 'बँक' वाचून पाऊल उचलत नाही. 'बँकेत पत्ता बदलण्याचा अर्ज देणे' वाचून उचलतं. प्रत्येक नोडला जन्मतःच चौकोन दिलात, तर 'बँक', 'रंग', 'पडदे', 'नको असलेलं सामान' अशा सगळ्या विचारांना तुम्ही कामाचा शिक्का मारता. मॅपवर दोनशे रिकामे चौकोन दिसू लागतात आणि त्यातली खरी कामं तीसच असतात.

म्हणून नोड मुळात साधा विचारच राहू द्या. त्याचं काम करायचं तर वापरणाऱ्यानं ते स्वतः सांगावं. कीबोर्डवर एक शॉर्टकट, फोनवर एक टॅप. त्याच क्षणी छोटी खिडकी उघडून मजकूर बदलायची संधी द्या आणि आधीचा शब्द तिथे तसाच असू द्या. 'बँक' लिहिलेलं असेल तर कर्सर त्याच्या पुढे उभा. लोक आपणहून पुढचं लिहितात. क्रियापद नसेल तर ॲपनं टोकावं का, हे मी एका आवृत्तीत करून पाहिलं आणि काढून टाकलं. भाषा ओळखणारा कोड चुकायचा, आणि बरोबर असला तरी माणसाला शाळेत बसल्यासारखं वाटायचं.

मूळ कामाखालची सगळी पोटकामं संपली की मूळ कामावर आपोआप टिक लागावी का? लावू नका. शेवटचं पोटकाम संपतं तेव्हा बहुतेक वेळा काम संपलेलं नसतं, यादी संपलेली असते. पुढचं पाऊल लिहायचं राहिलेलं असतं. तिथे एकच ओळ दाखवा: 'पुढे काही आहे, की झालं?' माझ्या अनुभवात या एका ओळीनं जेवढी अडकलेली कामं पुढे सरकली तेवढी कुठल्याच रिमाइंडरनं सरकली नाहीत. आणि फांदीवर टक्केवारी दाखवण्याचा मोह टाळा. चार पोटकामांपैकी तीन झाली की 75 टक्के दिसतं, मग माणूस नीट विचार करून आणखी चार पोटकामं लिहितो आणि आकडा घसरून 38 होतो. ज्यानं चांगला विचार केला त्यालाच शिक्षा. त्याऐवजी 'बाकी 5' एवढंच दाखवा.

झालेले नोड कुठे जावेत, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात जाणवत नाही आणि तिसऱ्या महिन्यात जीव खातो. लगेच गायब केले तर माणसाला आपण काय केलं ते दिसत नाही आणि शेजारचे नोड सरकून जागा बदलतात. तसेच ठेवले तर मॅप खोडलेल्या ओळींनी भरून जातो. मी वापरतो ती पद्धत अशी: त्या दिवशी नोड जागेवर फिका होऊन राहतो, दुसऱ्या दिवशी त्याच फांदीच्या शेवटी 'झालेली 7' अशा एका बारक्या गोळीत जमा होतो. गोळी उघडली की सगळं दिसतं. ती आपल्या फांदीलाच चिकटलेली असते, वेगळ्या कपाटात जात नाही. 'मागच्या वेळी हे कसं केलं होतं' हे शोधताना माणूस फांदीपाशीच येतो.

जागेबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण बनवणारे तिथेच बेसावध असतात. मॅपचा यादीपेक्षा खरा फायदा एकच: 'सामान' उजवीकडे खाली आहे हे डोळ्यांना पाठ होतं. हे पाठ होणं तुम्ही मोडलंत तर मॅप काढायचं कारणच उरत नाही. झाडाची नीटस मांडणी करणारी गणितं तयार आहेत. राइनगोल्ड आणि टिलफर्ड यांची 1981 सालची पद्धत, तिच्यावर आधारलेली बुखहाइम, युंगर आणि लाइपर्ट यांची 2002 सालची जलद सुधारणा, आणि वेगवेगळ्या आकारांच्या नोडसाठी व्हॅन डर प्लूग यांची 2014 सालची पद्धत. तुमच्या नोडमध्ये कुठे एक शब्द तर कुठे तीन ओळी असणार, म्हणून शेवटच्या पद्धतीपासूनच सुरुवात करा. तिच्या तयार लायब्ररीही मिळतात. पण ही सगळी गणितं 'सुंदर झाड' काढतात, 'कालच्यासारखं झाड' काढत नाहीत. एक नोड वाढला की दोन्ही बाजूंचा तोल साधायला एखादी अख्खी फांदी उजवीकडून डावीकडे नेणारी ॲप्स मी पाहिली आहेत. गणिताच्या दृष्टीनं ते बरोबर असतं, पण आपल्या घरातलं कपाट कुणी न विचारता दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावं तसं वाटतं.

नियम असे ठेवा. मुख्य फांदी कुठल्या बाजूला आहे आणि कितव्या क्रमांकावर आहे हे एकदा ठरलं की फक्त माणसानंच बदलायचं. नवीन नोड आला की त्याच फांदीतले शेजारी सरकतील, आणि जेवढं कमीत कमी सरकता येईल तेवढंच. सरकताना उडी नको, साधारण 200 मिलिसेकंदांची हालचाल दिसू द्या, म्हणजे डोळा पाठलाग करू शकतो. माणूस ज्या नोडवर काम करतोय तो स्क्रीनवरच्या आपल्या जागेवरून अजिबात हलता कामा नये. बाकीचा मॅप त्याच्या भोवती सरकू दे. आणि फांदी मिटलेली आहे की उघडी, हे त्या-त्या उपकरणापुरतं ठेवा. फोनवर मिटवलेली फांदी लॅपटॉपवरही मिटली की लोक गोंधळतात.

एका फांदीला जास्तीत जास्त सात नोड अशी मर्यादा घाला, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. तो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या 1956 सालच्या लेखातून आलेला असतो. तो लेख अल्पकाळ लक्षात किती राहतं याबद्दल आहे. स्क्रीनवर जे समोर दिसतंय ते लक्षात ठेवायचंच नसतं, त्यामुळे तो आकडा इथे लागू होत नाही. मर्यादा घालू नका.

टंकनाची एक चूक सांगतो, ती देवनागरीत लिहिणाऱ्यांना सगळ्यात आधी चावते. माइंड मॅपमध्ये एंटर दाबलं की शेजारी नवीन नोड आणि टॅब दाबलं की पोटनोड, ही रीत लोकांच्या बोटांत बसलेली आहे, ती तशीच ठेवा. पण रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवणाऱ्या लिप्यंतराच्या कीबोर्डवर माणूस 'विजेचं' लिहीत असताना सुचवलेला शब्द एंटर दाबूनच निवडतो. तुमचा कोड तोच एंटर पकडतो आणि 'विजे' एवढ्यावर नोड तोडून खाली रिकामा नोड काढतो. आमच्या एका परीक्षकाचा मॅप अशा रिकाम्या नोडनी भरला होता आणि त्याला वाटत होतं की आपलंच बोट चुकतंय. ब्राउझर 'इझ-कंपोझिंग' या खुणेनं सांगतो की शब्द अजून जुळतोय; ती खूण असताना एंटर आणि टॅबकडे पूर्ण दुर्लक्ष करा. शब्द ओळीअखेर तोडायची वेळ आली तर अक्षरांची मोजणी कोड पॉइंटनं (संगणक अक्षराचा प्रत्येक भाग साठवतो त्या क्रमांकानं) करू नका, नाहीतर 'स्त्री'चे तुकडे होतील. आणि नोडची उंची फक्त रोमन अक्षरांवर बेतू नका; वरची मात्रा आणि खालचा उकार कापला जातो.

काम टिपून ठेवायची वाट मात्र मॅपमधून नेऊच नका. रस्त्यात काही आठवलं की एक ओळ लिहायची आणि मोकळं व्हायचं. ती कुठल्या फांदीवर जाईल हे त्या क्षणी विचारलंत तर लोक लिहिणंच टाळतात. सगळं 'आवक' नावाच्या एका फांदीत पडू द्या. नंतर निवांत बसून वाटणी करताना ड्रॅग करायला लावू नका. फांदीच्या नावाची दोन अक्षरं लिहायची आणि एंटर दाबायचं, नोड तिकडे जातो. ड्रॅग ही सोय म्हणून असू द्या, पण जे जे ड्रॅगनं होतं ते ते ड्रॅगशिवायही झालं पाहिजे. 2023 साली आलेल्या डब्ल्यूसीएजी 2.2 या सुगम्यतेच्या निकषांत ही अट आता स्पष्टच घातलेली आहे. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी मॅप म्हणजे शेवटी एक झाडच. 'ट्री' आणि 'ट्रीआयटम' या आरिया भूमिका (स्क्रीन रीडरला घटकाचा प्रकार सांगणाऱ्या वेबवरच्या खुणा), पातळी आणि मिटलं-उघडलं ही अवस्था नीट दिली की त्यांना तो ऐकत फिरता येतो. फोनवर टिक करायची जागा 48 डीपीपेक्षा (डीपी हे अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) लहान नको, दिसायला चौकोन छोटा असला तरी.

पुन्हा पुन्हा येणारी कामं. दर वेळी नवीन नोड काढू नका, वर्षभरात मॅप जंगल होतो. नोड एक, त्याला नियम एक, आणि कधी कधी केलं त्याची नोंद वेगळ्या तक्त्यात. नियम लिहायला आयकॅलेंडर या कॅलेंडरांसाठीच्या प्रमाणाची, म्हणजे 2009 सालच्या आरएफसी 5545 या दस्तऐवजाची भाषा वापरा, म्हणजे कॅलेंडरशी देवाणघेवाण सोपी जाते. मात्र दोन खड्डे आहेत. 'दर महिन्याच्या 31 तारखेला' असा नियम लिहिला तर त्या प्रमाणानुसार ज्या महिन्यात 31 नाही तो महिना चक्क वगळला जातो. वापरणाऱ्याच्या मनात असतो 'महिन्याचा शेवटचा दिवस', आणि तो उणे एक (शेवटाकडून पहिला) असा लिहावा लागतो. दुसरं, 'मागच्या वेळी केल्यापासून 90 दिवसांनी' हा प्रकार त्या भाषेत मांडताच येत नाही. घरातली निम्मी कामं, जसं फिल्टर धुणं, याच प्रकारात मोडतात, म्हणून त्यासाठी स्वतःचा रकाना ठेवावा लागेल. आणि ज्या कामाला वेळ नाही, नुसता दिवस आहे, त्याची तारीख तारीख म्हणूनच साठवा. ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतला मध्यरात्रीचा क्षण म्हणून साठवली, की दुसऱ्या टाइम झोनमध्ये गेलेल्या माणसाचं 5 तारखेचं काम 4 तारखेला दिसतं.

डेटाबेसची रचना वरच्या सगळ्यातूनच निघते. नोडचा तक्ता: ओळख क्रमांक, पालक, भावंडांमधला क्रम, मजकूर. कामाचा तक्ता वेगळा, नोडच्या ओळखीनं जोडलेला, त्यात मुदत, कधीपासून आणि अवस्था. 'आज'च्या निवडीचा तक्ता तिसरा: कुठला दिवस, कुठला नोड, कितवा क्रम. क्रमासाठी पूर्णांक नकोत, मधे नोड घुसवला की खालचे सगळे बदलावे लागतात. दोघांच्या मधला अपूर्णांक घेण्याची युक्ती चांगली आहे, पण साध्या 64 बिटी फ्लोट प्रकारच्या (अपूर्णांक साठवणाऱ्या) संख्येत 1 आणि 2 यांच्या मधली जागा निम्मी-निम्मी करत गेलं तर 52 वेळांनंतर संपते. म्हणून हवी तेवढी लांब होऊ शकणारी अक्षरांची स्ट्रिंग वापरा. एक नोड एकाच पालकाखाली ठेवा. 'हे काम दोन फांद्यांवर हवं' अशी मागणी येईल. त्यासाठी टॅग किंवा नुसता दुवा द्या. दोन खरे पालक दिले की 'एका फांदीतून काढलं तर दुसऱ्या फांदीतून जायचं का' या प्रश्नाचं सगळ्यांना पटेल असं उत्तर आजवर मला सापडलेलं नाही.

सिंक करताना, म्हणजे सगळ्या उपकरणांवरचा मॅप एकसारखा ठेवताना, मजकुरापेक्षा हलवाहलवी धोकादायक असते. फोन ऑफलाइन असताना कुणी 'सामान' ही फांदी 'नवं घर'खाली नेली, आणि त्याच वेळी लॅपटॉपवर 'नवं घर' ही फांदी 'सामान'खाली गेली. दोन्ही बदल आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन्ही तसेच लागू केले की फांद्या एकमेकींच्या पोटात जातात, मुळाशी नातं तुटतं आणि अख्खी दोन झाडं स्क्रीनवरून नाहीशी होतात. डेटाबेसमध्ये ती असतात, पण मुळापासून चालत गेलं तर भेटत नाहीत. संगणकशास्त्रज्ञ मार्टिन क्लेपमन आणि सहकाऱ्यांनी यावर नीट उत्तर दिलेलं आहे: सगळ्या हलवण्यांना एकच ठरलेला क्रम द्यायचा, ज्या हलवण्यानं चक्र तयार होईल ती सोडून द्यायची, आणि उशिरा आलेली हलवणी मधे बसवताना तिच्या नंतरच्या उलटवून पुन्हा चालवायच्या. तुमच्याकडे एकच सर्व्हर असेल तर क्रम त्यानंच ठरवावा आणि चक्राची तपासणी तिथेच करावी, पहिल्या आवृत्तीला ते पुरतं. पुसणं म्हणजेही 'कचरा' नावाच्या लपलेल्या नोडखाली हलवणंच धरा, म्हणजे अनडू आणि परत मिळवणं फुकटात मिळतं.

चित्र काढण्याच्या वेगाची काळजी आत्ताच करू नका. काही शे नोडपर्यंत एसव्हीजी (ब्राउझरमध्ये प्रत्येक आकार वेगळा घटक म्हणून काढण्याची पद्धत) आरामात चालतं. पुढे जे स्क्रीनवर आहे तेवढंच काढा, मजकुराची मापं साठवून ठेवा, आणि तरीही हालचालीतली एक चौकट (फ्रेम) 16 मिलिसेकंदांत बसत नसेल तेव्हा कॅनव्हासकडे, म्हणजे सगळं एकाच चित्रात रंगवण्याच्या पद्धतीकडे, वळा.

पहिल्या दिवसापासून निर्यात मात्र द्या. ओपीएमएल आणि फ्रीमाइंड या माइंड मॅपच्या साधनाचं एमएम, दोन्ही साध्या एक्सएमएल (मजकुराच्या) फाइली आहेत आणि बरीच साधनं त्या वाचतात. ज्या माणसानं आपला सगळा संसार तुमच्या मॅपवर मांडला, त्याला तो उचलून नेता आला पाहिजे.

शेअरिंगबद्दल: आत्ता नको. पूर्ण मॅप शेअर करणं तर पुढेही नको, कारण एकाची मांडणी म्हणजे त्याच्या डोक्याची मांडणी असते आणि दुसऱ्याला त्यात रस्ता सापडत नाही. पुढे जेव्हा कराल तेव्हा एक फांदी शेअर करता येऊ द्या, जी समोरच्याच्या मॅपवर त्याला हवी तिथे टांगता येईल. नोड आणि मजकूर दोघांचा एकच, पण 'आज'ची निवड ज्याची त्याची, आणि फांदी मिटलेली-उघडलेलीही ज्याची त्याची. वर सांगितलेले तक्ते वेगळे ठेवलेत तर त्या दिवशी तुम्हाला जुनं काही मोडावं लागणार नाही. तोवर त्याच जुन्या परीक्षकांना 'आज'ची यादी आणि तीन वेगळे रकाने घालून नवी आवृत्ती द्या, आणि पाचव्याऐवजी पंधराव्या दिवशी सकाळी त्यांच्या शेजारी बसा. कुणी पाकिटामागे काही लिहीत असेल, तर ते पाकीट मागून घ्या.